न दिसणाऱ्या पैगंबरांची गोष्ट सांगणारा माणूस

मुस्तफा अक्काद हे नाव अरब जगात घरोघर ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र हे कोण, असंच बहुतेक जण विचारतील. पण त्यांचं काम आपल्यापर्यंत पोचलेलं आहे. रात्री दिवे घालवून, एकमेकांचे हात धरून 'हॅलोवीन' बघितलेले कितीतरी जण आपल्या कॉलेजात सापडतील. आणि रमजानच्या दिवसांत घरी सगळ्यांनी मिळून 'द मेसेज' बघायचा अशी पद्धत असलेले मित्रही आपल्या वर्गात आहेत. मुखवटा घातलेल्या खुन्याचा भयपट आणि इस्लामच्या जन्माची गोष्ट, या दोन्हींच्या मागे एकच माणूस होता. तो माणूस २००५ मध्ये अम्मानच्या एका हॉटेलात बॉम्बस्फोटात गेला, आणि तो बॉम्ब फोडणारे स्वतःला इस्लामचे रक्षक समजत होते.

चित्रपट आणि धर्म या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा मला दुसरं कुणी सुचलंच नाही. आपण बघतो त्या बहुतेक थरारपटांत अजानचा आवाज आला की समजायचं, आता काहीतरी वाईट घडणार. पुढच्या मिनिटाला दाढीवाला माणूस, बंदूक, स्फोट. म्हणजे ज्या हाकेवर कोट्यवधी साधी माणसं दिवसातून पाच वेळा हातातलं काम थांबवतात, ती हाक सिनेमानं धोक्याची घंटा करून टाकली. मी कॅथलिक घरातली. चर्चच्या घंटेचा कुणी असा वापर केला तर मला कसं वाटेल, हा विचार मनात येतोच. अक्काद यांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं या एका गोष्टीशी झगडण्यात घालवली. ती कशी, तेच इथं सांगते.

अक्काद यांचा जन्म १ जुलै १९३० चा, सीरियातल्या अलेप्पो शहरातला. तेव्हा सीरियावर फ्रेंचांचा अंमल होता. अलेप्पो हे जुनं व्यापारी शहर. मुसलमान, वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती, आर्मेनियन असे सगळे तिथं पिढ्यान्पिढ्या शेजारी राहात आलेले. वडील कस्टममध्ये नोकरीला. घरात श्रीमंती नव्हती. मुलाला मात्र एकच वेड, हॉलिवूडला जायचं आणि सिनेमा करायचा. अलेप्पोतल्या पोरानं असं बोलणं म्हणजे आपल्या खानापूरच्या पोरानं हॉलिवूडला निघालो म्हणण्यासारखंच. लोक हसले असणारच. वडिलांनी त्याला अडवलं नाही. निघताना त्यांनी मुलाच्या एका खिशात दोनशे डॉलर ठेवले आणि दुसऱ्या खिशात कुराणाची प्रत. त्यांच्यापाशी देण्यासारखं तेवढंच होतं. हा प्रसंग अक्काद पुढं आयुष्यभर सांगत राहिले.

लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये त्यांनी चित्रपटाचं शिक्षण घेतलं आणि पुढं यूएससीमधून मास्टर्स केलं. तिथं त्यांची गाठ दिग्दर्शक सॅम पेकिनपा यांच्याशी पडली. पेकिनपा पुढं रक्तरंजित वेस्टर्नपटांसाठी गाजले. पण या सीरियन तरुणाला त्यांनी हाताशी धरलं. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावर एक चित्रपट काढायचं चाललं होतं, त्यासाठी सल्लागार म्हणून अक्कादना घेतलं. तो चित्रपट पडद्यावर आलाच नाही. पण पेकिनपांचं प्रोत्साहन चालू राहिलं, आणि शेवटी अक्कादना सीबीएस या टीव्ही कंपनीत निर्माता म्हणून काम मिळालं. संसार अमेरिकेतच झाला, मुलं तिथंच वाढली.

इथून खरी गोष्ट सुरू होते. अमेरिकेत राहणाऱ्या मुसलमान बापाला एक प्रश्न पडला. आपल्या धर्माबद्दल आजूबाजूच्या लोकांना जवळजवळ काहीच माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते चुकीचं. पूर्व आणि पश्चिम यांच्यामधली ही दरी कुणीतरी बुजवायला पाहिजे. आपल्याला सिनेमाची भाषा येते, मग ते आपलंच काम, असं त्यांना वाटायला लागलं. इस्लामचा उदय पडद्यावर सांगायचा, आणि हॉलिवूडच्या भव्य चित्रपटांच्या थाटात सांगायचा, असं त्यांनी ठरवलं.

इथं मला आपल्याच मुलखातला एक माणूस आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातून गोव्याला आलेल्या या जेझुइटानं येशूची कथा सांगायला मराठी ओवी निवडली, आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापून आलं. समोरच्या माणसाला पुराण ऐकायची सवय आहे ना, मग त्याच्याशी पुराणाच्या भाषेतच बोलायचं. अक्काद यांचा विचारही त्याच वाटेचा होता. अमेरिकन माणसाला 'टेन कमांडमेंट्स' बघायची सवय आहे, तर त्याला तशाच भाषेत सांगू.

पण अक्काद यांच्यापुढची अडचण स्टीफन्सना नव्हती. आमच्या चर्चमध्ये जिकडं बघाल तिकडं येशूचा चेहरा असतो. वेदीवर, खिडकीच्या काचेवर, घरातल्या कॅलेंडरवर. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. मुस्लिम परंपरेत पैगंबरांचं चित्र काढणं, त्यांचं सोंग घेणं निषिद्ध मानलं जातं. माणसाच्या रूपाची पूजा सुरू होईल आणि ईश्वर बाजूला राहील, ही त्यामागची काळजी. म्हणजे अक्काद यांना असा चित्रपट काढायचा होता ज्यात नायक दिसणार नाही, बोलणार नाही, त्याची सावलीही पडणार नाही. नाटकाच्या वर्गात कुणी अशी संहिता आणली तर आपले सर ती परत देतील.

अक्काद यांनी पळवाट काढली नाही. पटकथा लिहिली आयरिश लेखक एच. ए. एल. क्रेग यांनी, सोबत तौफिक अल-हकीम यांच्यासारखे इजिप्शियन साहित्यिक होते. ती कैरोच्या अल-अझहर विद्यापीठातल्या विद्वानांपुढं ठेवली गेली. सुन्नी जगात या विद्यापीठाचा शब्द मोठा मानतात. लेबनॉनमधल्या शिया परिषदेलाही दाखवली गेली. दोन्हीकडून मान्यता घेतली, तसं चित्रपटाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. पुढं अल-अझहरनं मात्र हात आखडता घेतला. मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगनं तर आधीपासून नकारच दिला होता.

हा नकार देणाऱ्यांना मी सरसकट कट्टर म्हणणार नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मनापासून वाटत होतं की पवित्र गोष्ट बाजारात मांडू नये. श्रद्धाळू माणसाला असं वाटू शकतं. माझ्या आजीला गुड फ्रायडेच्या नाटकात येशूचं काम करणारा मुलगा मागच्या अंगणात वडापाव खाताना दिसला तर तिचा जीव खालीवर होतो. तो राग नसतो, ती माया असते. अक्काद यांनी ही माया ओळखली होती, असं मला वाटतं. म्हणून तर ते विचारायला गेले, वाद घालायला नाही.

पैसा उभा करायचं काम आणखी अवघड. कुवेत, लिबिया आणि मोरोक्को या तीन सरकारांनी आधार द्यायचं कबूल केलं. मक्केहून नकार आल्यावर कुवेतनं अंग काढून घेतलं. मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी चित्रीकरणाला परवानगी दिली. तिथं जुन्या मक्का-मदिनेचे सेट उभारायलाच साडेचार महिने लागले. सहा महिने चित्रीकरण झालं आणि सौदी अरेबियाचा दबाव आला. काम थांबवून निघा, असा निरोप मिळाला. सगळा लवाजमा रस्त्यावर. तेव्हा लिबियाचे गद्दाफी मदतीला आले, आणि उरलेला चित्रपट लिबियाच्या वाळवंटात पुरा झाला.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मी थक्क झाले. हा एक चित्रपट नाही, दोन आहेत. इंग्रजीत हम्झाच्या भूमिकेत अँथनी क्विन, हिंदच्या भूमिकेत आयरीन पापस. अरबीत त्याच भूमिका अब्दुल्ला गैस आणि मुना वासेफ यांनी केल्या. एक प्रसंग इंग्रजी नटांनी करायचा, मग ते बाजूला व्हायचे आणि त्याच सेटवर अरब नट तोच प्रसंग करायचे. नुसतं डबिंग करून भागलं असतं. पण अरब प्रेक्षकाला त्याची गोष्ट त्याच्या भाषेत, त्याच्या माणसांच्या तोंडून मिळाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. दोन भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता पैगंबर कसे 'दाखवले' ते सांगते. काही ठिकाणी कॅमेराच त्यांच्या जागी उभा राहतो. माणसं कॅमेऱ्याकडं बघून बोलतात, उत्तर ऐकतात, मान हलवतात. आपल्याला उत्तर ऐकू येत नाही. मग कुणीतरी सोबती ते शब्द दुसऱ्यांना सांगतो, तेव्हा कळतं. त्यांची चाहूल लागली की मॉरिस जार यांचं संगीत हळूच बदलतं. या संगीताला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. अलींच्या बाबतीतही तीच मर्यादा पाळली, त्यांची फक्त दुधारी तलवार दिसते. पैगंबरांच्या पत्नीही दिसत नाहीत. त्यामुळं खदिजा या गोष्टीतून जवळजवळ गायबच होते, हे मला खटकलं. चित्रपट लांबलाय, काही संवाद वर्गात धडा शिकवल्यासारखे आहेत, हेही खरं. पण एक गोष्ट अशी घडते, जी चेहरा दाखवून घडली नसती. नायक दिसत नाही म्हणून आपण त्याच्याकडं बघणाऱ्यांचे चेहरे बघत राहतो. कुणाच्या डोळ्यांत विश्वास, कुणाच्या डोळ्यांत भीती, कुणाच्या डोळ्यांत हिशोब. श्रद्धा चेहऱ्यावर कशी उमटते, त्याचा हा चित्रपट झाला.

त्यातले दोन प्रसंग मला सोडत नाहीत. पहिला बिलालचा. बिलाल हा काळा गुलाम. मालक त्याला उन्हात पाडून छातीवर दगड ठेवतो, तरी तो एकाच ईश्वराचं नाव घेत राहतो. पुढं मदिनेत पहिली मशीद उभी राहते आणि लोकांना नमाजाला बोलवायचं कसं हा प्रश्न येतो. तो मान या कालच्या गुलामाला मिळतो. जॉनी सेक्का या नटानं ते काम केलंय. तो वर चढतो, क्षणभर थांबतो आणि हाक देतो. ही अजान ऐकताना काहीतरी वाईट घडणार असं वाटत नाही. ज्याला कुणी माणूस मानत नव्हतं, त्याच्या आवाजावर गाव गोळा होतं. दुसरा कुठलाही चित्रपट न बघता एवढा प्रसंग बघितला तरी त्या आवाजाची भीती जाईल.

दुसरा प्रसंग अॅबिसिनियाचा. मक्केतला छळ सोसवेना म्हणून काही मुसलमान समुद्र ओलांडून नजाशी नावाच्या ख्रिस्ती राजाकडं आसरा मागायला जातात. मक्केचे सरदार मागोमाग येऊन त्यांना परत मागतात. राजा विचारतो, तुमचं येशूबद्दल काय म्हणणं आहे? जाफर कुराणातली मरियमेची कथा म्हणून दाखवतो. ऐकता ऐकता राजाचा चेहरा बदलतो. हातातल्या काठीनं तो जमिनीवर एक रेघ ओढतो आणि सांगतो की तुमच्या-आमच्यातलं अंतर या रेघेहून जास्त जाड नाही. आणि त्यांना परत द्यायला नकार देतो. मी कुराण वाचलेलं नाही. त्यात मरियमेच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे, हे मला या प्रसंगामुळं कळलं. रेघ आहे, ती पुसली जात नाही. पण ती किती जाड करायची ते माणसाच्या हातात आहे.

१९७६ च्या जुलैत चित्रपट लंडनला लागायचा होता. नाव होतं 'मोहम्मद, मेसेंजर ऑफ गॉड'. पाच दिवस आधी थिएटरला धमक्यांचे फोन आले. अक्कादनी पदरचा खर्च सोसून नाव बदललं, आणि 'द मेसेज' हे नाव राहिलं. खरं संकट पुढं होतं. १९७७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत चित्रपट लागायची वेळ आली, आणि ९ तारखेला वॉशिंग्टन शहरात बारा बंदूकधाऱ्यांनी तीन इमारतींत घुसून सुमारे दीडशे लोकांना ओलीस धरलं. त्यातली एक इमारत ज्यू संघटनेची, एक सरकारी, आणि एक चक्क इस्लामिक सेंटर. एक तरुण रेडिओ पत्रकार त्यात मारला गेला. पुढं शहराचे महापौर झालेले मॅरियन बॅरी यांना गोळी लागली.

त्यांचा म्होरक्या हमास अब्दुल खालिस. या माणसाची गोष्टही ऐकायला पाहिजे. १९७३ मध्ये एका विरोधी गटाच्या लोकांनी त्याच्या घरात घुसून सात जणांचा जीव घेतला होता, त्यात लहान मुलं होती. ते मारेकरी माझ्या ताब्यात द्या, ही त्याची मागणी. आणि दुसरी मागणी, हा चित्रपट बंद करा. अँथनी क्विननं पैगंबरांचं काम केलंय अशी अफवा त्याच्या कानावर आली होती. चित्रपट त्यानं पाहिलेला नव्हता. अक्कादनी निरोप पाठवला, आधी चित्रपट बघा, बघून दुखावलात तर मी तो नष्ट करतो. ज्याच्यासाठी इतकी वर्षं घालवली, तो चित्रपट नष्ट करायला हा माणूस तयार होता. अट एकच, आधी बघा.

वेढा ३९ तास चालला आणि मग सुटला. इजिप्त, पाकिस्तान आणि इराण या तीन देशांचे राजदूत खालिससमोर येऊन बसले, आणि त्यांनी त्याच्याशी कुराणातल्या दयेच्या वचनांवर बोलणं केलं. ज्या ग्रंथाच्या नावानं बंदूक उचलली होती, तोच ग्रंथ समोर धरून ती खाली ठेवायला लावली. चित्रपटांत हे सहसा दाखवत नाहीत. कट्टरपणा धर्मातून येतो एवढंच दाखवतात. कट्टरपणावरचा उताराही त्याच धर्माच्या साध्या माणसांपाशी असतो, हे राहूनच जातं.

अमेरिकेत 'द मेसेज' या गडबडीत मार खाऊन बसला. अक्कादना पैशाची गरज होती. १९७८ मध्ये जॉन कारपेंटर नावाच्या तरुण दिग्दर्शकाच्या एका भयपटात त्यांनी पैसे घातले. जेमतेम तीन लाख डॉलरचा तो चित्रपट म्हणजे 'हॅलोवीन'. त्यानं कित्येक पटींनी कमाई केली. मग एकामागून एक भाग निघत राहिले, आणि पहिले आठही भाग अक्काद यांच्या नावावर आहेत. लोक गंमत करतात की एका हातानं पैगंबरांची गोष्ट आणि दुसऱ्या हातानं सुरीवाला खुनी. मला त्यात पोटाची गरज दिसते. ज्या कामात जीव आहे त्याला पैसा मिळत नाही, आणि ज्याला मिळतो ते करून घर चालवावं लागतं. आपल्याकडचे कितीतरी कलावंत असेच जगले.

त्यांचा दुसरा मोठा चित्रपट १९८१ चा 'लायन ऑफ द डेझर्ट'. उमर मुख्तार हे लिबियातल्या खेड्यात मुलांना कुराण शिकवणारे म्हातारे गुरुजी. इटलीशी ते वीस वर्षं लढले आणि मुसोलिनीच्या राजवटीत १६ सप्टेंबर १९३१ ला फासावर गेले. क्विन इथंही आहेत, समोर सेनापती ग्राझियानीच्या भूमिकेत ऑलिव्हर रीड. एका प्रसंगात इटलीचा एक तरुण अधिकारी पकडला जातो. सोबत्यांना त्याला मारायचं असतं, कारण इटालियन आपल्या कैद्यांना मारतात. उमर नको म्हणतात. ते आपले गुरू नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि पोराला सोडून देतात. श्रद्धा माणसाला शस्त्र उचलायला लावते तेव्हाही ती कुठं थांबायचं ते सांगते, हे त्यात आलंय. शेवटी फाशीच्या वेळी त्यांचा चष्मा खाली पडतो आणि एक लहान मुलगा तो उचलतो.

इटलीनं या चित्रपटावर बंदी घातली, लष्कराची बदनामी होते म्हणून. तिथल्या टीव्हीवर तो दिसला थेट २००९ मध्ये. म्हणजे दुखावून घेण्याचा मक्ता काही धार्मिकांकडंच नाही.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. या चित्रपटाचे सुमारे साडेतीन कोटी डॉलर गद्दाफींनी दिले होते. परक्या जुलमाविरुद्धचा चित्रपट, आणि पैसा स्वतःच्या लोकांवर जुलूम करणाऱ्या हुकूमशहाचा. अक्कादना हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना संत करायची मला गरज वाटत नाही. हॉलिवूड या गोष्टींना पैसा देणार नव्हतं, अरब श्रीमंत घाबरत होते, आणि दार एकच उघडं होतं. त्या दारातून आत जावं की नाही, यावर आपल्या मंडळात एक संध्याकाळ वाद घालता येईल. चित्रपट तिकीटबारीवर आपटला. अरब जगात मात्र तो आजही बघितला जातो.

उरलेली वीसेक वर्षं त्यांच्या डोक्यात एकच चित्रपट होता, सलाहुद्दीनवरचा. जेरूसलेम परत घेणारा, पण शत्रूशी उदारपणानं वागल्याबद्दल ख्रिस्ती इतिहासकारांनीही वाखाणलेला सुलतान. शॉन कॉनरी ते काम करणार अशी बोलणी होती. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर तर अक्कादना तो चित्रपट जास्तच निकडीचा वाटायला लागला. काही थोड्यांच्या कृत्यानं सगळा धर्म दहशतीचा ठरवला जातोय, हे त्यांना सलत होतं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस संहिता घेऊन देशोदेशी पैसे मागत फिरत होता.

९ नोव्हेंबर २००५ ला ते जॉर्डनच्या अम्मान शहरात होते. एका लग्नाला आले होते. लेबनॉनहून त्यांची मुलगीही आली होती. ग्रँड हयात हॉटेलच्या दर्शनी दालनात बापलेक भेटत होते, तेवढ्यात स्फोट झाला. मुलगी तिथंच गेली. अक्काद दोन दिवसांनी, ११ नोव्हेंबरला गेले. त्या संध्याकाळी तीन हॉटेलांत स्फोट झाले, एकात तर लग्नाची वरात चालू होती. सुमारे साठ माणसं मेली, बहुतेक मुसलमानच. इराकमधल्या अल-कायदानं जबाबदारी घेतली. मारणाऱ्याला समोर कोण उभं आहे हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

वॉशिंग्टन आणि अम्मान, या दोन्ही जागी मला एकच गोष्ट दिसते. कट्टर माणूस बघत नाही. खालिसनं चित्रपट बघितला नव्हता. स्फोट करणाऱ्यांनी माणसं बघितली नाहीत. याउलट नजाशी राजा आधी ऐकतो आणि मग ठरवतो. अल-अझहरच्या विद्वानांनी संहिता वाचली, मग कुणी हो म्हटलं, कुणी पुढं नाही म्हटलं. वाचून नाही म्हणणाऱ्याशी बोलता येतं. न वाचता पेटवणाऱ्याशी काय बोलणार?

हे आमच्या घरालाही लागू आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, चाललं, आणि ते आमच्याच चर्चच्या नावानं. ज्या चर्चनं स्टीफन्स दिले त्याच चर्चनं तेही केलं. इतकं मागं जायलाही नको. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' यायचा होता तेव्हा आपल्या देशात काही राज्यांनी तो बंद केला. लागायच्या आधीच बंद करा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांत आमचे लोक होते. आणि २०१५ मध्ये इराणच्या माजिद मजिदींनी पैगंबरांच्या बालपणावर चित्रपट काढला, तेव्हा त्याला संगीत दिलं म्हणून ए. आर. रहमान यांच्यावर मुंबईतून फतवा निघाला. रहमान यांनी चिडून नाही, नम्रपणानं उत्तर दिलं की आपण हे श्रद्धेनं केलंय. मला तेव्हा अक्कादच आठवतात, एक पाऊल मागं सरून आधी बघा म्हणणारे.

सौदी अरेबियात पस्तीसेक वर्षं चित्रपटगृहं बंद होती. २०१८ मध्ये ती उघडली. त्याच वर्षी अक्काद यांच्या मुलानं 'द मेसेज'ची जुनी रिळं साफ करून नवी प्रत काढली, आणि ती सौदी चित्रपटगृहांत लागली. ज्या देशाच्या दबावामुळं मोरोक्कोतला सेट सोडून पळावं लागलं होतं, त्याच देशातली माणसं तिकीट काढून, मुलाबाळांना घेऊन तो बघायला बसली. चित्रपट तयार होऊन चाळीस वर्षं झाली होती. अक्काद जाऊन तेरा.

आपल्या वर्गातल्या कुणाला हा चित्रपट बघायचा असेल तर त्याचं उर्दू रूपांतरही मिळतं. बेळगावात राहून ती भाषा कुणाला अवघड जाणार नाही. तीन तास लागतात. एकट्यानं बघू नका. रेघेच्या पलीकडच्या एखाद्या मित्राला, मैत्रिणीला शेजारी बसवा, आणि बिलाल वर चढतो तेव्हा पडद्याकडं नाही, त्यांच्या चेहऱ्याकडं बघा.